छापील प्रबंध आणि त्याचा खर्च

पदवीसाठी केलेले संशोधन छापून लोकांपुढे ठेवण्याची प्रथा युरोपातील विद्यापीठांत रुजली. सतराव्या-अठराव्या शतकात जर्मन भाषक प्रदेशांत पदवी मिळायची ती जाहीर वादसभेत. सभेपूर्वी वादाचे मुद्दे मांडणारी लॅटिन पुस्तिका छापून वाटली जाई आणि विद्यार्थी त्यातील प्रतिपादनाचा बचाव करी. ही पुस्तिका पुष्कळदा अध्यक्षस्थानी बसणाऱ्या प्राध्यापकानेच लिहिलेली असे, छपाईचा खर्च मात्र सहसा विद्यार्थ्याकडे येई. तो भागवण्याची एक वाट अर्पणपत्रिकेतून जात असे. एखाद्या सरदाराच्या किंवा नगरसभेच्या नावे पुस्तिका अर्पण करायची आणि त्याबदल्यात काही देणगी हाती पडेल, अशी आशा धरायची.

एकोणिसाव्या शतकात या पुस्तिकेचे स्वरूप पालटले. 1810 मध्ये बर्लिन विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवीसाठी उमेदवाराने स्वतः नवे काही शोधून काढावे, ही अपेक्षा हळूहळू रूढ झाली. 1817 मध्ये मारबुर्ग येथे विद्यापीठांची आपापसांत छापील साहित्याची देवाणघेवाण सुरू झाली. एका विद्यापीठात छापलेला प्रबंध त्यामुळे दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आपोआप पोहोचू लागला. ही देवाणघेवाण चालायची तर उमेदवाराने ठराविक प्रती विद्यापीठाला देणे भागच होते.

छपाईच्या सक्तीमागे आणखी एक कारण होते. काही विद्यापीठे उमेदवाराला समोर न बोलावता, शुल्क घेऊन डॉक्टरेट देत. इतिहासकार थेओडोर मोम्झेन यांनी 1876 मध्ये या बनावट डॉक्टरांवर कठोर टीका केली. छापलेला प्रबंध कोणालाही तपासता येतो, उसनवारी केली असेल तर ती उघडी पडते, असा त्यामागचा विचार होता. शतकाच्या अखेरीस जर्मन विद्यापीठांत छपाई सार्वत्रिक झाली. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत कागद आणि छपाईचे दर इतके भडकले की ही अट काही वर्षे सैल करावी लागली. त्या काळातील कित्येक जर्मन प्रबंध टंकलिखित स्वरूपातच ग्रंथालयांत राहिले.

अमेरिकेतील पद्धत

अमेरिकेत पहिल्या तीन पीएच.डी. पदव्या 1861 मध्ये येल येथे दिल्या गेल्या. जर्मन धर्तीची संशोधनप्रधान संस्था म्हणून 1876 मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झाले आणि दोनच वर्षांत त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. इतिहासाचे प्राध्यापक हर्बर्ट बॅक्स्टर ॲडम्स यांनी 1882 मध्ये इतिहास व राज्यशास्त्र यांतील अभ्यासांची मालिका सुरू केली. तिच्यात विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना जागा मिळू लागली. कोलंबिया विद्यापीठाने 1891 मध्ये इतिहास, अर्थशास्त्र आणि सार्वजनिक कायदा या विषयांसाठी अशीच मालिका काढली. मालिकेमुळे प्रबंधाला ग्रंथालये आणि वाचक मिळत, छपाईचे ओझे मात्र बहुधा उमेदवारावरच राही. परीक्षक समाधानी असले तरी छापील प्रती दाखल होईपर्यंत कोलंबियाची पदवी पूर्ण होत नसे.

या नियमाचा अनुभव महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेल्या विद्यार्थ्यांनाही आला. श्रीधर व्यंकटेश केतकर 1906 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात गेले. मनुस्मृतीच्या आधारे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील जातिव्यवस्था तपासणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1909 मध्ये कॉर्नेलच्याच गावी, इथाका येथे छापला गेला. दुसरा भाग 1911 मध्ये लंडनहून आला आणि त्याच वर्षी त्यांना डॉक्टरेट मिळाली. स्वदेशी परतल्यावर केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम हाती घेतले. त्यासाठी विद्यापीठाचे अनुदान किंवा संस्थानिकाचा आश्रय यांवर विसंबून न राहता त्यांनी मर्यादित कंपनी काढली आणि भागविक्री व आगाऊ वर्गणी यांतून भांडवल जमवले.

आंबेडकरांचा प्रबंध

भीमराव रामजी आंबेडकर 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबियाला पोहोचले. 9 मे 1916 रोजी त्यांनी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातींची घडण आणि उगम या विषयावर निबंध वाचला. वर्षभराने, मे 1917 मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. हे नियतकालिक जेम्स बर्जेस यांनी 1872 मध्ये मुंबईत सुरू केले होते. विद्यार्थ्याने वर्गात वाचलेला निबंध पदवी मिळण्याआधीच भारतातील अभ्यासकांच्या हाती पडला, कारण नियतकालिकाचा मार्ग ग्रंथापेक्षा जवळचा आणि स्वस्त होता.

मोठ्या प्रबंधाची वाटचाल बरीच लांबली. भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील अभ्यास आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबियात पूर्ण केला. तेथून ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये त्यांना परतावे लागले. बडोद्यातील थोड्या काळाच्या नोकरीनंतर ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवू लागले आणि 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले. तेथे रुपयाच्या प्रश्नावरील दुसरा प्रबंध पुरा झाला. लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनसंस्थेने तो 1923 मध्ये ग्रंथरूपात काढला. कोलंबियाच्या कामातून निघालेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ त्याच संस्थेने 1925 मध्ये छापला. त्यात 1919 च्या सुधारणा कायद्यानंतरच्या स्थितीवरील विवेचनही आले होते. प्रस्तावना कोलंबियातील मार्गदर्शक एडविन सेलिग्मन यांची आणि अर्पणपत्रिका सयाजीरावांच्या नावे होती. छापील ग्रंथ दाखल झाल्यावर जून 1927 मध्ये कोलंबियाने पीएच.डी. दिली. अभ्यास पुरा होणे आणि पदवी हाती येणे यांत अकरा वर्षे गेली. शिष्यवृत्तीने शिक्षणाचा खर्च उचलला होता, प्रकाशनासाठी मात्र तिच्यात तरतूद नव्हती.

दक्षिणा फंड

मुंबई इलाख्यात विद्येसाठी सार्वजनिक पैसा खर्च करण्याची पद्धत विद्यापीठाहून जुनी आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा तळेगावात सुरू केली. पुढे ती पेशव्यांनी पुण्यात चालवली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात त्यासाठी मोठी गर्दी लोटत असे. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने दक्षिणेची रक्कम बरीच कमी केली आणि तिचा काही भाग 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेकडे वळवला.

1849 मध्ये गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशाचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी राखावा. पुण्यातील जुन्या वळणाच्या मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला. जोतीराव फुले अर्जदारांच्या बाजूने उभे राहिले. अखेर 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. आता पाठांतराची परीक्षा देणाऱ्याच्या जागी हस्तलिखित घेऊन येणारा लेखक आला. त्याने अर्ज करायचा, समितीने मजकूर तपासायचा आणि पसंत पडल्यास पैसे द्यायचे, ही आजच्या प्रकाशन अनुदानाची रीत इथे प्रथम दिसते.

तिच्या मर्यादाही तेव्हाच उघड झाल्या. फुले यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक समितीकडे दिले. ते नाकारले गेले आणि समितीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे असे घडल्याचे फुल्यांनी पुढे लिहून ठेवले. ते नाटक छापून यायला 1979 साल उजाडले. समितीवर कोण बसतो, यावर कोणते लेखन वाचकांपर्यंत जाते हे ठरत होते.

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाल्यावर दक्षिणेच्या पैशातून महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्यांपैकी होत. फेलोने काही तास शिकवायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास करायचा. हा पैसा छपाईसाठी नव्हता, तो अभ्यासाला लागणाऱ्या वेळाचा मोबदला होता.

विद्यापीठातील पदके, नियतकालिके आणि मालिका

सुरुवातीची जवळजवळ पन्नास वर्षे मुंबई विद्यापीठ केवळ परीक्षा घेत होते. संशोधनाला उत्तेजन मिळे ते निबंधस्पर्धांतून. विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्या नावाचे सुवर्णपदक अशाच निबंधासाठी दिले जाई आणि ते मिळवणाऱ्यांत पांडुरंग वामन काणे होते. 1904 च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना अध्यापन आणि संशोधन करण्याची मुभा दिली. 1919 मध्ये मुंबईत अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा विभाग निघाला. तेथे पॅट्रिक गेडिस आणि नंतर गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली पदव्युत्तर प्रबंध लिहिले जाऊ लागले.

हे प्रबंध टंकलिखित असत. टंकलेखक पातळ कागदांमध्ये कार्बन घालून एका वेळी मोजक्याच प्रती काढू शके. शेवटच्या प्रतीवरची अक्षरे पुसट आणि फुगीर येत. संस्कृत अवतरणे आणि उच्चारचिन्हे हाताने भरावी लागत. बांधणी करून, पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव उठवून एखाददुसरी प्रत ग्रंथालयात जाई आणि संशोधनाचा प्रवास बहुधा तिथेच थांबे. विद्यापीठाने 1932 मध्ये स्वतःचे नियतकालिक सुरू केल्यावर प्रबंधातील एखादे प्रकरण लेख म्हणून छापण्याची सोय झाली. संपूर्ण प्रबंध छापायचा असेल तर विद्यापीठाकडून छपाईसाठी मदत मिळू शके. अशा ग्रंथांच्या आरंभी विद्यापीठाने दिलेल्या साहाय्याबद्दल आभाराची एक ठरलेली ओळ आढळते.

पुण्यात हे काम डेक्कन कॉलेजने अधिक पद्धतशीर केले. विश्रामबागवाड्यातील पाठशाळेची परंपरा सांगणारे हे महाविद्यालय 1934 मध्ये बंद पडले आणि 1939 मध्ये पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. हसमुख सांकलिया, इरावती कर्वे आणि सुमित्र कत्रे तेथे अध्यापनाला आले. संस्थेने त्याच वर्षी आपली पत्रिका काढली आणि पुढे विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी स्वतंत्र ग्रंथमाला सुरू केली. मधुकर अनंत मेहेंदळे यांचे शिलालेखांतील प्राकृत भाषांचे ऐतिहासिक व्याकरण 1948 मध्ये याच मालेत निघाले. मालेमुळे प्रकाशकाच्या दारी जाण्याचा उमेदवाराचा त्रास वाचला आणि संस्थेला देशोदेशीच्या ग्रंथालयांशी देवाणघेवाण करता आली.

स्वातंत्र्यानंतरची अनुदाने

विद्यापीठ अनुदान आयोगाला 1956 च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद 1969 मध्ये आणि भारतीय इतिहास संशोधन परिषद 1972 मध्ये स्थापन झाली. या दोन्ही परिषदा डॉक्टरेटच्या प्रबंधांना प्रकाशन अनुदान देऊ लागल्या. अर्जासोबत पदवी मिळाल्याचा दाखला, परीक्षकांचे अहवाल, ग्रंथासाठी सुधारलेली संहिता आणि प्रकाशकाचा खर्चाचा अंदाज लागतो. संहिता तज्ज्ञाकडे मतासाठी जाते. प्रबंधातील पूर्वसंशोधनाचा लांबलचक आढावा आणि पद्धतिशास्त्राचे प्रकरण आटोपशीर करावे, हा शेरा लेखकाच्या वाट्याला हमखास येतो, कारण परीक्षकासाठी लिहिलेला मजकूर वाचकाला जसाच्या तसा चालत नाही. ग्रंथात अनुदानाचा उल्लेख करावा लागतो आणि मतांची जबाबदारी संस्थेची नसून लेखकाची आहे, हेही छापावे लागते.

महाराष्ट्र शासनाने 1960 मध्ये साहित्य संस्कृती मंडळ नेमले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मंडळाच्या प्रकाशनांमुळे आणि नवलेखकांसाठीच्या अनुदानामुळे मराठीतून लिहिणाऱ्यांना आधार मिळाला. विज्ञानशाखांत ग्रंथापेक्षा परिषदेतील निबंधाला महत्त्व असल्याने तेथे अर्ज होऊ लागले ते प्रवासखर्चासाठी. 2006 पासून महाराष्ट्रातील विद्यापीठांत ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा भरते. पदवीच्या विद्यार्थ्यापासून पीएच.डी.च्या उमेदवारापर्यंत सर्वांना भित्तिपत्रक लावून परीक्षकांपुढे आपले काम मांडता येते.

संगणकयुगातील नियम

छापील प्रबंधाची सक्ती मोडायला सुरुवात केली ती मायक्रोफिल्मने. यूजीन पॉवर यांनी 1938 मध्ये मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स ही कंपनी काढली. प्रबंधाची फिल्म जपून ठेवायची, सारांशांची सूची छापायची आणि मागणी आली की प्रत काढून द्यायची, या व्यवस्थेमुळे शेकडो प्रती छापून ठेवण्याची गरज उरली नाही.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ संग्रहात आज काही लाख प्रबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. प्रबंध उपलब्ध करून देण्याचा खर्च अशा रीतीने उमेदवाराकडून सार्वजनिक संस्थेकडे गेला.

त्याच नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची अट घातली आणि खर्च दुसऱ्या दाराने परत आला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. त्याला आळा घालण्यासाठी आयोगाने 2018 मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी करण्याचे ठरवले आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे आले. 2022 च्या नियमांत शोधनिबंधाची सक्ती काढून टाकण्यात आली आणि 2025 मध्ये ‘केअर’ यादीही बंद झाली. सर्वांना खुल्या असलेल्या अनेक प्रतिष्ठित नियतकालिकांत मात्र लेखकाकडून प्रक्रियाशुल्क घेतले जाते. त्यामुळे विद्यापीठांकडे येणाऱ्या अर्जांत ग्रंथाच्या छपाईबरोबर आता या शुल्काच्या परताव्याची मागणीही दिसते.