डिकी वर थांबत नाही? गॅस शॉकर घरच्या घरी असे बदला

हॅचबॅक किंवा एसयूव्हीची मागची डिकी उघडून हात सोडला तरी ती वरच थांबली पाहिजे. ती हळूहळू खाली यायला लागली, की दोष बहुतेक वेळा बिजागरीचा नसतो. दोन्ही बाजूंना जे बारीक नळीसारखे दांडे असतात, त्यांचा असतो. कुणी त्यांना डिकीचा शॉकअप म्हणतं, कुणी जॅक. हिंदी बोलणाऱ्या दुकानदाराला 'डिक्की शॉकर' म्हटलं की कळतं. कॅटलॉगमध्ये मात्र गॅस स्प्रिंग किंवा गॅस स्ट्रट हे नाव सापडेल.

डिकी जड असते. सामान काढायला वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर किंवा मानेवर ती अचानक आली तर दुखापत होते, कडेला हात ठेवून उभ्या असलेल्या लहान मुलाची बोटंही चेमटू शकतात. अनेक घरांत काठी टेकवून महिनोन्‌महिने काम भागवलं जातं. प्रत्यक्षात हे काम साध्या हत्यारांनी अर्ध्या तासात होण्यासारखं आहे.

शॉकर कमजोर का होतो?

नळीच्या आत जास्त दाबाखाली नायट्रोजन वायू आणि थोडं तेल भरलेलं असतं. वायूचा दाब दांड्याला बाहेर ढकलतो आणि डिकी उचलली जाते. तेलामुळे आतलं सील ओलं राहतं आणि शेवटच्या टप्प्यात डिकी धाडकन न उघडता सावकाश थांबते. वर्षानुवर्षांच्या वापराने सील झिजतं आणि वायू थोडा थोडा निसटत जातो. कोकण-गोव्याच्या दमट हवेत दांड्यावर गंज चढला तर त्याचे खडबडीत डाग सीलला कापतात. दांड्यावर चिकटलेली माती किंवा रंगाचे शिंतोडेही तेच करतात.

थंडीत वायूचा दाब कमी होतो. ३५ अंशांच्या दुपारी जेवढा जोर असतो, त्यापेक्षा १२ अंशांच्या पहाटे तो सात-आठ टक्क्यांनी कमी भरतो. म्हणून दुपारी ठीक वाटणारी डिकी बेळगावच्या किंवा इंदूर-ग्वाल्हेरच्या थंडीत सकाळी खाली येते. ऊन पडल्यावर ती पुन्हा थांबली, म्हणजे दुरुस्त झाली असं नाही. शॉकर बदलण्याची वेळ जवळ आल्याची ती पहिली खूण आहे. दांड्यावर तेलाचा ओला थर दिसला तर सील गेलंच म्हणून समजावं.

विकत घेताना

१. नेहमी जोडीने घ्या. एक नवा आणि एक जुना बसवला तर डिकीवर एकाच बाजूने जोर येतो आणि ती पिळली जाते.

२. नळीवरचा पार्ट नंबर बघा. अनेक शॉकरवर जोरही छापलेला असतो, उदाहरणार्थ ३५० आणि पुढे न्यूटनसाठी 'एन' हे अक्षर. ३५० न्यूटन म्हणजे साधारण ३५ किलोचा रेटा.

३. पूर्ण उघडलेल्या स्थितीतली लांबी आणि टोकाच्या खोबणीचं माप जुळलं पाहिजे. नंबर पुसला असेल तर जुना शॉकर मोजून, फोटो काढून दुकानात न्या. गाडीचं मॉडेल आणि वर्षही सांगा.

४. 'जास्त जोराचा घ्या, टिकेल' हा सल्ला ऐकू नका. गरजेपेक्षा जास्त जोरामुळे डिकी बंद करणं जड जातं आणि बिजागरीवर, पत्र्यावर ताण येतो.

बदलण्याची पद्धत

गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा. वारा जोराचा असेल तर काम दुसऱ्या दिवशी करा. लहान चपटा स्क्रूड्रायव्हर, मजबूत लाकडी टेकू आणि एक मदतनीस एवढं पुरतं. काही गाड्यांत शॉकर बोल्टने बसवलेला असतो, तिथे पाना लागेल.

१. डिकी पूर्ण वर उघडा. याच स्थितीत दांडा पूर्ण बाहेर आलेला असतो आणि शॉकर सहज निघतो. अर्धवट उघड्या डिकीवर हे काम करू नका.

२. डिकीला टेकू द्या. टेकू प्लॅस्टिकवर किंवा काचेवर नको, भक्कम पत्र्याच्या भागावर हवा. टोकाला कापड गुंडाळा. मदतनीसाने डिकी धरूनच ठेवावी, टेकूच्या भरवशावर सोडू नये.

३. जुन्या शॉकरचा फोटो काढा. बहुतेक गाड्यांत जाड नळी वर आणि बारीक दांडा खाली असतो. यामुळे तेल सीलकडे राहतं. जसा होता तसाच नवा बसवायचा आहे.

४. टोकावरची स्प्रिंग क्लिप स्क्रूड्रायव्हरने थोडीशीच उचला. पूर्ण काढली तर उडून हरवते. मग टोक गोळ्यावरून सरळ बाहेर ओढा. दुसरं टोकही असंच काढा.

५. गाडीवरचे गोळे ढिले झाले असतील तर घट्ट करा. गोळ्यावर किंचित ग्रीस चालतं, दांड्यावर तेल-ग्रीस लावू नका.

६. नवा शॉकर गोळ्यावर दाबा. 'टक्' आवाज येऊन बसला की हाताने ओढून खात्री करा.

७. एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी खोला.

दोन्ही बसल्यावर टेकू काढा, मात्र डिकीखाली डोकं न घालता. पहिल्यांदा डिकी सावकाश, हात धरूनच बंद करा. कुठे काही अडकत नाही ना बघा. मग चार-पाच वेळा उघडझाप करा.

हे टाळा

दांड्याला पक्कड लावू नका. चरा पडला की नवीन सीलही जातं. जुना शॉकर करवतीने कापणं, त्याला भोक पाडणं किंवा तो आगीत टाकणं धोक्याचं आहे. डिकी पेलण्याइतका जोर उरला नसला तरी आत दाब असतो. भंगारात देताना 'आत गॅस आहे' हे भंगारवाल्याला स्पष्ट सांगा, नाहीतर आपल्या घरातला धोका त्याच्या हातात जातो.

बटणावर उघडणारी विजेची डिकी असेल किंवा शॉकरला वायर जोडलेली असेल, तर काम गॅरेजवरच सोपवा. नवे शॉकर बसवूनही डिकी वाकडी बंद होत असेल तर बिजागरी तपासून घ्यावी लागेल.