मेंढीच्या गळ्यातले औषध आणि आपला डोस

१८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात जॉर्ज मरे नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरने नुकत्याच कापलेल्या मेंढीच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मागवली. तिचे बारीक तुकडे केले, ग्लिसरीन आणि कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवले आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या रुमालातून तो अर्क पिळून घेतला. त्याचे इंजेक्शन त्याने ४६ वर्षांच्या एका बाईला दिले. तिचा चेहरा सुजला होता, कातडी कोरडी पडली होती, जीभ जड झाली होती, थंडी सोसवत नव्हती. काही महिन्यांत ती बाई माणसांत आली. तोपर्यंत या आजाराला इलाज नव्हता. विल्यम गल यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले होते, पाच वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी त्याला नाव दिले होते, एवढेच.

सांगोल्यात बसून हा इतिहास वाचताना मला गंमत वाटते. माणदेशात मेंढी म्हणजे रोजचे जनावर. धनगरांचे कळप, घोंगड्या, आठवड्याचा जनावरांचा बाजार, बकरी ईद. नरड्याच्या दोन्ही अंगांना चिकटलेली ती लालसर ग्रंथी कसायाच्या सुरीखाली रोज येते आणि तिच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. इतिहासाच्या पुस्तकांत आमचे गाव भेटते ते १७५० च्या सांगोला करारापुरते, छत्रपतींची सत्ता पेशव्यांच्या हाती गेली त्या प्रकरणात. आज आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांत फ्रीजवर किंवा देव्हाऱ्याशेजारी, कुठे कुराणाच्या रेहलीजवळ, गोळ्यांची एक छोटी बाटली असते. तिचाही इतिहास आहे आणि तो सगळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: किती द्यायचे?

गळ्याच्या गाठीची ओळख जुनीच. आयुर्वेदात गलगंड आहे. दहाव्या शतकात अंदलुसमधल्या अल-जहरावी यांनी ‘किताब अल-तसरीफ’मध्ये या गाठीच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिले. बाराव्या शतकात इस्माईल जुर्जानी यांनी ‘जखीरा-ए-ख्वारज्मशाही’ या फारसी ग्रंथात गाठ आणि बाहेर आलेले डोळे यांचा संबंध जोडला. युरोपात ग्रेव्ह्ज यांनी तो १८३५ साली मांडला. मुसलमानांनी सगळे आधीच शोधले होते, अशा थाटाचे लेख आपल्याकडे पुष्कळ येतात. मला ते आवडत नाहीत. जुर्जानींना दिसली ती जास्त चालणारी ग्रंथी. ग्रंथी थंडावली तर काय होते, हे ना त्यांना माहीत होते ना ग्रेव्ह्ज यांना.

मरे यांच्या पुढच्याच वर्षी हेक्टर मॅकेन्झी आणि एडवर्ड फॉक्स यांनी दाखवले की सुईची गरज नाही, ग्रंथी खाल्ली तरी चालते. फॉक्स यांचा नुस्खा असा: मेंढीची अर्धी ग्रंथी हलकी तळून, बारीक करून, करंट नावाच्या फळाच्या जेलीबरोबर आठवड्यातून एकदा. मरे यांची पहिली रुग्ण त्यानंतर २८ वर्षे जगली, १९१९ मध्ये ७४ व्या वर्षी वारली. तेवढ्या काळात तिने ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी औषध म्हणून घेतल्याचा हिशेब मरे यांनी स्वतः मांडला आहे.

पण अर्धी ग्रंथी म्हणजे नेमके किती औषध? मेंढी कोणत्या मुलखात, कोणत्या ऋतूत, कोणते गवत खाते त्यावर ग्रंथीतले आयोडीन कमी-जास्त होते. कमी पडले तर बाई पुन्हा सुजणार, जास्त झाले तर छाती धडधडणार, हात थरथरणार, वजन उतरणार. वजन उतरते म्हटल्यावर १८९० च्या दशकातच लोक बारीक होण्यासाठी हा अर्क घेऊ लागले. तो मोह अजून संपलेला नाही. जास्तीच्या डोसचे एक अजब उदाहरण अमेरिकेतले आहे. १९८४-८५ मध्ये मिनेसोटा आणि आसपासच्या भागात शंभराहून जास्त लोकांना अचानक थायरॉईड वाढल्याची लक्षणे दिसू लागली. शोध घेतला तेव्हा कळले, एका कत्तलखान्यात गुरांच्या गळ्याचे मांस खिम्यात जात होते आणि त्यासोबत ग्रंथीही.

पुढे मेंढीच्या जागी डुक्कर आले. कत्तलखान्यांत मुबलक, म्हणून वाळवलेल्या ग्रंथीची भुकटी बहुतेक डुकराचीच. १९१४ च्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडॉल यांनी मेयो क्लिनिकमध्ये शुद्ध थायरॉक्सिन वेगळे केले. सुमारे तीन टन ग्रंथींतून त्यांच्या हाती जेमतेम ३३ ग्रॅम आले. १९२७ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन आणि जॉर्ज बार्जर यांनी लंडनला ते प्रयोगशाळेत बनवले आणि साधारण १९५० पासून त्याचे सोडियम क्षार गोळीच्या रूपात मिळू लागले. हे मी मुद्दाम सांगतोय. ‘ही गोळी हलाल आहे का?’ हा प्रश्न मला आमच्या नात्यातल्या दोन बायांनी विचारला आहे, आणि त्यातल्या एकीने त्या शंकेपायी गोळी सोडली होती. आपल्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या लेव्होथायरॉक्सिनच्या साध्या गोळीतले औषध रासायनिक पद्धतीने तयार होते, कुठल्या जनावरातून काढलेले नसते. डुकराच्या ग्रंथीची भुकटी परदेशात अजून विकली जाते. इंटरनेटवर ‘नैसर्गिक थायरॉईड’ म्हणून जिची जाहिरात दिसते ती बहुधा तीच.

औषध शुद्ध झाले तरी माप सापडले नव्हते. डॉक्टर नाडी बघायचे, घोट्याला हातोडी मारून पाय किती हळू परत येतो ते बघायचे, श्वासातून शरीराची उष्णता मोजायचे. या अंदाजावर २०० ते ४०० मायक्रोग्रॅम रोज द्यायची पद्धत १९७० पर्यंत सर्रास होती. आजच्या हिशेबाने त्यातल्या कित्येकांचा डोस जास्तच होता. चित्र बदलले ते रक्ततपासणीने. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खुणेने रक्तातला अतिसूक्ष्म हार्मोन मोजण्याची रीत काढली, १९६५ च्या सुमारास ती टीएसएचला लागू झाली. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम. थायरॉईड मंद पडली की हुकूम वाढतो, पोटात औषध जास्त गेले की हुकूम बंद होतो. १९७४ मध्ये अमेरिकेत याच मापाने पुन्हा हिशेब केला तेव्हा सरासरी गरज १७० मायक्रोग्रॅमच्या आत निघाली. पुढे ती आणखी खाली आली. आता ग्रंथी पूर्ण बंद असेल तर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम धरतात.

महाराष्ट्रात हे माप पोहोचले परळमार्गे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये टाटा हॉस्पिटलच्या आवारात सुरू झाले आणि थायरॉईड हे त्याचे पहिल्यापासूनचे काम राहिले. अणुऊर्जा खात्याने तपासणीची किटे देशातच बनवली, म्हणून ती गावोगावच्या लॅबपर्यंत गेली. अणुभट्टी म्हटले की आपल्याला बॉम्ब आठवतो, टीएसएच आठवत नाही. परळलाच वाडिया हॉस्पिटलमध्ये डॉ. मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात नवजात बाळांचे रक्त टिपकागदावर घेऊन तपासले. अडीच ते तीन हजारांत एक बाळ जन्मतःच थायरॉईड नसलेले किंवा मंद असलेले निघाले. अशा बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत योग्य डोस मिळाला तर ते शाळेत इतरांसारखेच शिकते. उशीर झाला तर बुद्धीचे झालेले नुकसान भरून येत नाही.

आता आमच्या गावाकडे येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत ५,३६० प्रौढांपैकी १०.९५ टक्के लोकांना हा आजार निघाला, आणि समुद्रकाठच्या शहरांपेक्षा आतल्या शहरांत प्रमाण जास्त होते. सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावी गोळी सुरू होते, पण डोस तिथेच थांबतो. माझ्या मोठ्या बहिणीला, आपाला, ५० ची गोळी लागली आणि सहा वर्षे तीच चालली. चिठ्ठी तीच, बाटली तीच, रक्त कुणी पाहिले नाही. ‘गोळी ले को इत्ते साल हुये, अब क्या देखना?’ हे तिचे म्हणणे. केस गळत होते, दुपारी डोळे मिटत होते, घरचे म्हणत होते आळस. अखेर मिरजेला तपासले तेव्हा टीएसएच १८ होता, जो चारच्या आसपास किंवा त्याखाली असायला हवा. डोस ७५ केला, सहा आठवड्यांनी रक्त बघून ८८. सहा आठवडे यासाठी की या औषधाचा निम्मा भाग शरीरातून जायलाच आठवडा लागतो. त्याआधी केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवते. चार दिवसांत फरक नाही म्हणून दोन गोळ्या घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. जास्तीचा डोस वर्षानुवर्षे चालला तर उतारवयात हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे ठिसूळ होतात. म्हणून म्हाताऱ्या किंवा हृदयरोगी माणसाला सुरुवातच १२.५ किंवा २५ ने करतात. उलट बाई गरोदर राहिली की गरज चौथ्या हिश्शाने किंवा त्याहून जास्त वाढते. तेव्हा पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवायला हवे.

रमजानात हा घोळ वाढतो. गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर आणि खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. सहरीला उठायचे, चूल पेटवायची आणि चहाच्या घोटाबरोबर गोळी टाकायची, असे झाले की औषध नीट शोषले जात नाही. चहा-दुधाने जेवढे बिघडते त्याहून जास्त कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनी. त्यांच्यात चार तासांचे अंतर लागते. उपाय सोपा आहे. सहरीच्या आधी अर्धा-पाऊण तास उठून घ्यावी, नाहीतर इफ्तार, तरावीह उरकून, शेवटच्या खाण्यानंतर तीन-चार तासांनी झोपताना. आपाने दुसरा मार्ग धरला आहे आणि ईदनंतर दीड महिन्याने ती रक्त तपासते. या औषधासाठी रोजा सोडावा लागत नाही, आणि रोज्यासाठी औषधही सोडावे लागत नाही. बाटली तेवढी चुलीजवळच्या फळीवरून हलवावी. उष्णता आणि ओलाव्याने गोळीचा जोर कमी होतो, आणि आमच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पारा कुठे जातो ते सोलापूरकरांना सांगायला नको.