वृत्तपत्राची भाषा आणि घराचा पत्ता

आज आपण जमलो आहोत त्या स्वारगेटहून अलिबागची एसटी सुटते. अलिबागजवळ नवगाव आहे. आपल्या पूर्वजांचं जहाज तिथे फुटलं, असं बेने इस्रायल ज्यूंची परंपरा सांगते. ही माणसं तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावंही कोकणातलीच.

त्यांच्या नियतकालिकांकडे वळण्याआधी अमेरिकेचं उदाहरण पाहू. न्यूयॉर्कमध्ये 1897 साली ‘फोरव्हर्ट्स’ हे यिडिश वृत्तपत्र निघालं. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंना नव्या देशात कसं राहायचं, हे ते शिकवी. 1906 पासून त्यात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणारं सदर होतं. प्रश्न नोकरीचे, लग्नाचे, मुलांचे. म्हणजे भाषा जुन्या घराची आणि धडे नव्या घराचे.

मुंबईत नेमकं उलटं घडलं. 1917 ते 1927 या काळात मराठी आणि इंग्रजीत ‘इझ्रायलाईट’ निघत असे. त्याच्याशी निगडित असलेले बॅरिस्टर डेव्हिड एरुलकर 1916 च्या खटल्यात टिळकांच्या वकिलांमध्ये होते. इथल्या वाचकाला देश शिकवायचा नव्हता, मराठी तर त्याच्या घरचीच! त्याला ओळख करून द्यायची होती ती जगभरच्या ज्यूंची. त्याच 1917 साली बाल्फोर जाहीरनामा आला. आपलं भवितव्य इथल्या राष्ट्रीय चळवळीत की पॅलेस्टाईनमध्ये, हा प्रश्न मग दारातच येऊन उभा राहिला.

1948 नंतर अनेकजण इस्रायलला गेले. तिथे काय झालं? विवाहाच्या वेळी धर्मपीठ त्यांची वंशावळ तपासू लागलं. हे लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या ज्यू म्हणून राहिले, आणि तिथे मात्र ज्यू असल्याचा पुरावा द्यायची वेळ आली! आंदोलन झालं. 1964 साली संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान ठरवलं. पुढे त्याच देशात मराठी त्रैमासिक निघालं. नाव काय? ‘मायबोली’.

आपण ‘तू नेमका कोण?’ असं विचारतो, तेव्हा उत्तर एकच असावं, असं गृहीत धरतो. ही नियतकालिकं तसं मानत नाहीत. माणसाला दोन घरं असू शकतात. एका घरात राहून दुसऱ्याशी बोलायचं असतं, तेव्हा तो छापखाना गाठतो. कुणाकडे एकाच घराचा दाखला मागण्याआधी आपण एवढं लक्षात ठेवलं, तरी पुरे.