श्रमपुरवठा आणि तात्पुरता वेतनबदल

मजुरी थोड्या काळापुरती चढली वा उतरली, तर कामगार कामाचे तास कसे बदलतो, याचा अर्थशास्त्रीय विचार. कायमच्या पगारवाढीने माणूस सधन होतो आणि थोडी अधिक विश्रांतीही त्याला परवडते. चार दिवसांच्या वाढीने आयुष्याच्या मिळकतीत फारसा फरक पडत नाही. म्हणून भाव चढा असताना राबावे आणि उतरला की सुटी घ्यावी, असे सिद्धांत सांगतो. रॉबर्ट लूकस व लिओनार्ड रॅपिंग यांनी १९६९ मध्ये रोजगारातील चढउतारांना हाच तर्क लावला. या प्रतिसादाच्या एका मापाला नॉर्वेच्या रॅग्नार फ्रिश यांचे नाव आहे.

सिद्धांताची खरी झडती घेतली ती न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांनी. अनेक चालक बारा तासांच्या पाळीसाठी ठरलेले भाडे भरून गाडी घेतात. मीटरवर पडेल ते त्यांचे, आणि गाडी लवकर परत करायची की नाही हेही तेच ठरवतात. मासिक पगारदाराला ही मोकळीक कुठली? कॉलिन कॅमरर, लिंडा बॅबकॉक, जॉर्ज लोवेनस्टाइन व रिचर्ड थेलर यांनी १९९७ मध्ये चालकांची फेरीपत्रके तपासली, तेव्हा उलटेच दिसले: धंदा तेजीत असलेल्या दिवशी चालक लवकर घरी जात. त्यांच्या मते चालकाच्या डोक्यात दिवसाचा एक आकडा असतो. तो भरला की पाळी संपली. म्हणजे मंदीच्या दिवशी रिकामी गाडी फिरवत बसायचे आणि तेजीच्या दिवशी गिऱ्हाईक सोडायचे. नवख्यांत ही खोड अधिक आढळली.

हेन्री फार्बर यांना हे पटले नाही. तासाची कमाई काढताना तासांनीच भागावे लागते. तास चुकीचे नोंदले गेले असतील, तर उलटा संबंध आपोआप उमटतो. हा आक्षेप वजनदार आहे. २००९ ते २०१३ मधील इलेक्ट्रॉनिक नोंदी तपासून त्यांनी २०१५ मध्ये दाखवले, की कमाई वाढते तेव्हा बहुतेक चालक जास्त वेळ गाडी चालवतात. पावसात टॅक्सी मिळत नाही याचे खापरही चालकाच्या डोक्यातल्या आकड्यावर फोडता येत नाही. रस्ते तुंबल्याने पावसात तासाची कमाई वाढतच नाही.

अर्न्स्ट फेर व लोरेंझ गोएटे यांच्या झुरिकमधील प्रयोगात (२००७ मध्ये प्रसिद्ध) सायकलवरून टपाल पोचवणाऱ्यांचे कमिशन चार आठवडे सुमारे २५ टक्क्यांनी वाढवले गेले. त्यांनी पाळ्या बऱ्याच वाढवल्या, पण दर पाळीतला जोर थोडा कमी केला. आणि तोही मुख्यतः नुकसानीचा धसका घेणाऱ्यांनी.