रंग सांगणारा नियम, दुकान सांगणारा नियम : बेळगावातल्या शाळेच्या गणवेशाची गोष्ट

मंडळाच्या बैठकीत जुने वर्गफोटो मांडले की सगळे आधी चेहरे शोधतात. ‘ही बघा आमची आत्या’, ‘हे आमचे गणिताचे मास्तर’ असं चालू होतं. मी अलीकडे चेहरे सोडून कपडे बघायला लागले आहे. स्वातंत्र्याच्या आधीच्या फोटोंत कुणी बंद गळ्याच्या कोटात, कुणी नुसत्या सदऱ्यात, कुणी धोतरात. टोपी मात्र जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर. नंतरच्या फोटोंत सगळे एकाच रंगात. पण या दुसऱ्या फोटोंतही खालच्या रांगेचे पाय बघा. एखाद्याच्या पायात बूट, दोघांच्या पायात चप्पल, बाकीचे अनवाणी. म्हणजे सदरा एक झाला तरी पाय एक व्हायला आणखी बरीच वर्षं जावी लागली.

गणवेश कशासाठी, तर गरीब-श्रीमंत फरक दिसू नये म्हणून, असं आपण सगळेच शाळेत ऐकलेलं आहे. ते खोटं नाही. पण हा फरक झाकायचा खर्च कुणी करायचा, याचं उत्तर काळाप्रमाणे बदलत गेलं. या लेखात मी तेवढंच बघणार आहे, आणि तेही आपल्या बेळगावापुरतं.

टोपीचा काळ

आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात. त्या काळी शाळेचा कपड्यांबाबतचा आग्रह मुख्यतः नीटनेटकेपणाचा असे. बोडक्या डोक्यानं वर्गात यायचं नाही, सदरा धुतलेला पाहिजे, बटणं लावलेली पाहिजेत. टोपी एकदा घेतली की वर्षानुवर्षं चाले. सदरा घरात जो असेल तो. हा नियम कडक होता, पण त्यासाठी बाजारात जावं लागत नव्हतं. नीळ घालायला आणि बटण टाकायला आई पुरे होती.

एकसारख्या कपड्याचा मोठा जाहीर आग्रह बेळगावात झाला तो शाळेत नव्हे, तर राजकारणात. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीत भरलं. काँग्रेस विहीर त्याची खूण म्हणून आजही आहे. त्या अधिवेशनात सभासदत्वाचा नियम ठरला : महिन्याला दोन हजार वार सूत द्यायचं, आणि काँग्रेसच्या कामात व सभांत खादी घालायची. नियम कडकच. पण त्यातल्या सवलती बघा. आजारपणामुळे किंवा दुसऱ्या कारणानं स्वतः कातणं जमत नसेल, तर दुसऱ्यानं कातलेलं तेवढंच सूत चालेल. खादी सभेपुरती आणि कामापुरती सक्तीची, घरात नाही. एवढं करूनही लोकांना ते झेपेना, तेव्हा सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याच्या बैठकीत सुताऐवजी चार आण्यांची वर्गणीही चालेल असं ठरलं. खादीचा एवढा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या हयातीत, त्याच्याच संघटनेनं, नियम माणसाला झेपतो का हे वर्षभरात बघितलं. ही गोष्ट शाळांच्या संदर्भात मला वारंवार आठवते.

पुढं दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई आली. १९४३ साली सरकारनं कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं. अंगभर कापड मिळवायचीच मारामार, तिथं ठरावीक रंगाचं कुठून आणणार?

खाकी-पांढऱ्याचा काळ

स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या आणि गणवेश रूढ झाला. मुलांना पांढरा सदरा आणि खाकी किंवा निळी चड्डी, मुलींना पांढरं पोलकं आणि निळा परकर, पुढं स्कर्ट. या गणवेशाचं वैशिष्ट्य एकच होतं. शाळा फक्त रंग सांगायची. कापड कुठलं, कुणाकडून, कितीचं, हे आईबापांनी ठरवायचं. एकाच वर्गात एकाची चड्डी जाड ड्रिलची, दुसऱ्याची कंट्रोलच्या कापडाची, तिसऱ्याची थोरल्या भावाची जुनी पँट कापून केलेली. रंगात थोडा फरक पडायचा, पण मास्तर तिकडं काणाडोळा करायचे.

या पद्धतीवर गल्लीतल्या शिंप्याचं पोट चालायचं. मे महिन्याच्या शेवटी त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. आयांचं बोलणं ठरलेलं : “वाढत्या अंगाचं शिवा वो, दोन वर्षं चालायला पायजे.” शिंपी कमरेला टिपा घालून ठेवायचा, खाली चार बोटं मुडप सोडायचा. दरवर्षी एक टीप उसवायची, मुडप एक बोट सोडायची. उसवलेल्या जागी मूळ रंगाची गडद रेघ दिसायची, आणि त्या रेघा मोजून मुलगा हा कपडा किती वर्षं घालतोय ते सांगता यायचं. नंतर तो कपडा धाकट्याकडे, मग चुलतभावाकडे, शेवटी घरातलं फडकं. कापडाचा पैसा असा पुरता वसूल होई. सत्तरच्या दशकात टेरीकॉट घरोघर आलं. ते सुतीपेक्षा महाग, पण विटायचं नाही, फाटायचं नाही. त्यामुळं एक स्कर्ट तीन बहिणींना पुरायला लागला.

माझं घर विणकरांचं. शहापूर-वडगाव भागात मागाची खटखट ऐकतच आम्ही मोठे झालो. घरात साड्या विणल्या जायच्या आणि शाळेचं कापड मात्र विकत आणावं लागायचं. माझ्या थोरल्या बहिणीचा फिकट निळा स्कर्ट मला यायचा होता. त्याच वर्षी आमच्या शाळेनं रंग बदलून गडद निळा केला. कारण कुणी सांगितलं नाही, विचारलंही नाही. आईनं रंगाची पुडी आणून पातेल्यात स्कर्ट उकळला. वाळल्यावर बरा दिसत होता. पण बेळगावचा जून म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत पोचेपर्यंत तो रंग पांढऱ्या पोलक्याच्या खालच्या बाजूला, पायांवर, सगळीकडं उतरला. बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं. पहिले दोन तास. मला त्या बाईंचा राग नाही, त्यांच्यावरही वरून हुकूम असणार. पण घरी गेल्यावर आईनं ते पोलकं पाहिलं आणि काही न बोलता तिच्या भिशीच्या डब्याकडं गेली, ते मी विसरलेले नाही.

पावसाळा आणि दुसरा जोड

बेळगावात गणवेशाचा एक जोड म्हणजे अर्धाच गणवेश. जूनपासून ऑगस्टपर्यंत इथं कपडा वाळत नाही. रात्री धुतलेला सदरा चुलीवरच्या दोरीवर टाकायचा, सकाळी निखारे घातलेल्या तांब्यानं शेकायचा, आणि धुराच्या वासासकट अंगात घालायचा. हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी केलेलं आहे.

म्हणून कायद्यातला दुसऱ्या जोडाचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे की प्राथमिक शिक्षण पुरं करण्याच्या आड येईल असा कुठलाही खर्च मुलावर पडता कामा नये. केंद्राच्या २०१० च्या नियमांत पुस्तकं आणि लेखनसाहित्यासोबत गणवेशही मोफत धरला आहे. सर्व शिक्षा अभियानात दोन जोडांसाठी मुलामागे ४०० रुपयांची मर्यादा होती. २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेत ती ६०० झाली. म्हणजे कापड आणि शिलाई धरून एका जोडाला ३०० रुपये.

कर्नाटकात ‘विद्या विकास’ योजनेतून सरकारी शाळांना गणवेशाचं कापड मिळतं. त्यातलं बरंचसं कापड राज्याच्या हातमाग विकास महामंडळामार्फत विणकरांकडून येतं, ही आपल्या भागाला आपुलकीची गोष्ट. पण कापड मिळालं तरी शिलाई पालकांच्या गळ्यात, आणि दुसरा जोड रखडलेला. शेवटी कोप्पळ जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याच्या वतीनं प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं. २०१९ मध्ये न्यायालयानं सरकारला दुसरा जोड आणि बूट-मोजे देण्याचा आदेश दिला. तरी अंमल पुरता होईना, म्हणून पुन्हा अवमानाचा अर्ज करावा लागला. एका सदऱ्यासाठी एवढं! पण ज्यानं ओला सदरा घालून पहिली घंटा गाठली आहे, त्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

इथं आपल्या मराठी शाळांची एक अडचण आहे. सरकारी मराठी शाळांतल्या मुलांना हा गणवेश मिळतो. पण शहरातली अनेक मराठी हायस्कुलं खासगी संस्थांची, अनुदानित आहेत. सरकारी गणवेश त्यांच्यासाठी नाही. तिथं येणारी मुलं मात्र बहुतेक त्याच घरांतली : कुणाचे वडील मागावर, कुणाचे फौंड्रीत, कुणाची आई घरकामाला. सातवीपर्यंत फुकट मिळालेला कपडा आठवीत विकत घ्यावा लागतो. आणि आठवीतलं अंग भराभर वाढतं.

पाच वर्षांचं कलम

कर्नाटकात १९९५ साली शैक्षणिक संस्थांचे वर्गीकरण व अभ्यासक्रमाविषयीचे नियम झाले. त्यातला अकरावा नियम गणवेशाचा. मान्यताप्राप्त संस्था आपला गणवेश ठरवू शकते. पण एकदा ठरवलेला गणवेश पुढची पाच वर्षं बदलायचा नाही. आणि बदलायचाच असेल तर पालकांना किमान एक वर्ष आधी सूचना द्यायची.

हा नियम २०२२ साली देशभर गाजला. ५ फेब्रुवारी २०२२ चा गणवेशाबाबतचा सरकारी आदेश, १५ मार्चचा उच्च न्यायालयाचा निकाल आणि १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमधला मतभेद, हे सगळं आपण वर्तमानपत्रांत वाचलं. सगळी चर्चा मुलींनी डोक्यावर काय घ्यावं आणि गणवेश ठरवायचा अधिकार कुणाचा, यावर झाली. तो वाद लहान नव्हता. पण त्याच नियमाचा दुसरा अर्धा भाग पालकांच्या खिशासाठी लिहिलेला आहे, आणि त्याच्याकडं फारसं कुणी पाहिलं नाही.

पाच वर्षं म्हणजे काय ते हिशेबानं बघा. दोन भावंडांत दोन-तीन वर्षांचं अंतर असेल तर थोरल्याचा गणवेश धाकट्याला नक्की येतो. एक वर्षाची आगाऊ सूचना म्हणजे यंदा घेतलेलं कापड वाया जात नाही. हे कलम लिहिणाऱ्याला आमच्या आईचं पातेलं माहीत नसेल, पण त्यातला प्रश्न त्याला बरोबर कळला होता.

रंगाकडून दुकानाकडे

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत झालेला मोठा बदल म्हणजे शाळेनं रंगाऐवजी दुकान सांगायला सुरुवात केली. शाळेच्याच मागाचा वाटावा असा चौकड्यांचा कपडा, खिशावर बोधचिन्ह, टाय, पट्टा, हाऊसच्या रंगाचा टी-शर्ट, शनिवारचे पांढरे बूट, रोजचे काळे. हे सगळं एकाच ठिकाणी मिळणार. गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात तोच रंग स्वस्तात मिळाला तरी उपयोग नाही, कारण चौकडी जुळत नाही. शिंप्याची टीप-मुडपही गेली, कारण तयार कपड्यात आत सोडलेलं कापडच नसतं. खासबागच्या रविवारच्या बाजारात जुने कपडे मिळतात, पण बोधचिन्हाचा शर्ट दुसऱ्या शाळेच्या मुलाला कसा चालणार?

केंद्रीय मंडळानं २०१७ मध्ये आपल्या शाळांना गणवेश-पुस्तकांची दुकानदारी करू नका असं बजावलं होतं. तेवढ्यानं प्रश्न सुटत नाही, कारण दुकान शाळेच्या आवारात नसलं तरी कापडच असं निवडता येतं की ते एकाकडेच मिळावं.

सगळं सरकारनं एका हाती घेतलं तर? शेजारच्या महाराष्ट्रानं तेही करून पाहिलं. ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून २०२४ मध्ये कापड राज्यपातळीवर घेतलं. गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं दिली गेली. अंगाचं माप शेवटी गल्लीतल्या माणसालाच घेता येतं.

या सगळ्यातून मला दिसतं ते असं. गणवेश असावा की नसावा हा आपल्याकडं वादाचा विषय फारसा नव्हता, आजही नाही. आईबापांना गणवेश हवाच असतो, कारण रोज काय घालायचं हा घोर मिटतो. त्रास कडकपणाचाही नव्हता. टोपीचा नियम कडकच होता. खरा फरक आहे तो नियम काय सांगतो याचा. रंग सांगणारा नियम घरातल्या सुईदोऱ्याला, थोरल्याच्या जुन्याला, उधारीवर शिवणाऱ्या शिंप्याला जागा ठेवतो. दुकान सांगणारा नियम ती जागा बंद करतो, आणि मग वर्गाबाहेर कोण उभं राहणार ते जूनच्या आधीच ठरून जातं.

मंडळातल्या मित्रमैत्रिणींना दोन विनंत्या. घरात शाळेची जुनी परिपत्रकं, कापडाच्या पावत्या, शिंप्याच्या मापाच्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका. फोटोपेक्षा त्या जास्त बोलतात. आणि ज्यांची नातवंडं आज शाळेत आहेत त्यांनी पालकसभेत एकदा विचारून बघा : गणवेश शेवटचा कधी बदलला, आणि वर्षभर आधी कळवलं होतं का? नियम अकरावा, साल १९९५. एवढं सांगितलं तरी पुरे.