मोरबाथची काळी वस्त्रे

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातले मोरबाथ हे मध्ययुगाच्या अखेरीस जेमतेम 33 कुटुंबांचे, मेंढ्यांवर जगणारे गाव होते. तिथे 1520 पासून 1574 पर्यंत, म्हणजे तब्बल 54 वर्षे, ख्रिस्तोफर ट्रिकी हे एकच धर्मगुरू होते. चर्चचे हिशेब त्यांच्याच हातचे. गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्यासाठीच ते लिहिलेले असत. या हिशेबांवरून मी असे म्हणेन, की तिथल्या मूर्ती, चषक, दिवे आणि मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचे, गाणे ही देवळाची सजावट नव्हती. मोरबाथ हे गाव त्यांच्याभोवतीच बांधले गेले होते. पवित्र मरियेच्या, संत जॉर्जच्या, संत सिडवेलच्या दिव्यांसाठी वेगवेगळे निधी होते आणि या निधींच्या मालकीच्या मेंढ्या घरोघरी सांभाळायला दिलेल्या असत. लोकर विकली जाई, मेण विकत घेतले जाई. ज्याच्या कळपात संताची एखादी मेंढी चरते, त्याला वेदीपुढचा दिवा परका कसा वाटेल? तरुण मुलांचा आणि मुलींचाही स्वतंत्र निधी होता. 1534 मध्ये चोराने चषक पळवला, तेव्हा नव्या चषकासाठी पैसे जमवले ते या तरुणांनीच.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळे सक्तीचे होते. त्यात तथ्य आहे. आर्चबिशप विंचेल्सी यांच्या 1305 च्या नियमांनी गायनाची पुस्तके, मिस्साची वस्त्रे, घंटा आणि त्यांचे दोर पुरवण्याचा भार धर्मग्रामातल्या लोकांवरच टाकला होता. पण सक्तीने किमान गरज भागते, हौस नाही. मोरबाथमध्ये मृतांच्या मिस्सासाठी काळी वस्त्रे घ्यायची म्हणून सुमारे 20 वर्षे पैसा साठवला गेला, आणि त्यासाठी ट्रिकींनी स्वतःच्या हक्काच्या उत्पन्नातला वाटा सोडला. एवढा धीर हुकुमाने येत नाही. दुसरा आक्षेप संगीताचा: लॅटिन कळत नसताना गाण्याशी शेतकऱ्याचे नाते ते काय? उत्तर पुन्हा हिशेबांतच आहे. मिस्सात धर्मगुरूला गाऊन प्रतिसाद देणाऱ्या क्लार्कचे वेतन घरटी वर्गणीतून निघे, आणि 1530 च्या दशकात त्यावरून गावात वर्षानुवर्षे तंटा चालला. शब्द कळोत न कळोत, ते गाणे कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी होते, हे प्रत्येकाला पक्के ठाऊक होते. भांडण हा एकोप्याच्या अभावाचा पुरावा आहे, असे कोणी म्हणेल. मला ते उलटे वाटते. जे आपले नाही, त्याच्यासाठी माणसे इतकी वर्षे भांडत नाहीत.

काळी वस्त्रे अखेर 1547 मध्ये आली. त्याच वर्षी प्रॉटेस्टंट सुधारणांचा पाठीराखा सहावा एडवर्ड इंग्लंडच्या गादीवर बसला, आणि लवकरच मृतांसाठीचे मिस्सा, मूर्तींपुढचे दिवे सगळे बंद करण्यात आले. मेंढ्या विकल्या गेल्या, तरुणांचे निधी संपले आणि चर्चची तिजोरी रिकामी झाली. 1549 मध्ये एडवर्डच्या राजवटीने लादलेल्या नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध इंग्लंडच्या पश्चिमेत बंड उसळले, तेव्हा या इवल्या गावाने स्वतःच्या खर्चाने पाच तरुण बंडखोरांच्या छावणीत धाडले. पुढे 1553 मध्ये मेरी राणी झाली आणि जुनी उपासना परत आली. तेव्हा मोरबाथच्या लोकांनी इतकी वर्षे घरात जपून ठेवलेले चर्चचे सामान एकेक करून परत आणून दिले.