खोक्यातलं जहाज आणि आपली गुराब

नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभं राहिलं की समोर दिवाडी दिसते. श्रीसप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ त्या बेटावर होतं. पोर्तुगीज राजवटीत ते पाडलं गेलं आणि अलीकडे नार्व्यात असलेल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला. आपल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. पण त्या काळी आपल्या पाण्यात कोणती जहाजं फिरत होती आणि ती नेमकी कशी दिसत होती? मी पेशाने इंजिनिअर. या प्रश्नाकडे वळलो तो दप्तरखान्यातून नव्हे, तर चक्क प्लास्टिकच्या मॉडेल किटमधून.

जुन्या शिडाच्या जहाजांचे असे संच बरीच वर्षं निघताहेत. एअरफिक्स या इंग्रज कंपनीने 1952 मध्ये ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’चा छोटा संच काढला, तिथून ही लाट सुरू झाली. नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ तर जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीकडे मिळतं. नवशिक्या माणूस खोक्यावरचं चित्र बघून भुलतो आणि तेच उचलतो. मीही तेच केलं.

खरेदी करताना आधी बघायचं ते प्रमाण. व्हिक्टरीचा तोफांचा मजला 186 फूट, म्हणजे जवळपास 57 मीटर. रेव्हेलच्या 1:225 संचात तो 25 सेंटिमीटरचा होतो, एअरफिक्सच्या 1:180 मध्ये साडेएकतीस आणि हेलरच्या 1:100 मध्ये 57. 1:225 मध्ये साडेपाच फुटी खलाशी साडेसात मिलिमीटरचा उरतो. त्या मापात दोरखंड दाखवायचे तर केसाएवढा धागा लागतो. उलट हेलरच्या मोठ्या संचात दोन हजारांहून जास्त तुकडे आहेत, त्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला माझा सल्ला असा की मोठं जहाज लहान प्रमाणात घेऊ नका, लहान जहाज मोठ्या प्रमाणात घ्या.

बांधताना आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात एनॅमल रंग लवकर सुकत नाही. सुती धागा दमट हवेत आखडतो आणि प्लास्टिकची डोलकाठी हळूहळू वाकवतो. माझं एक मॉडेल आषाढात सरळ होतं, चतुर्थीला बघतो तर वाकडं! तेव्हापासून मी पॉलिस्टरचा धागा वापरतो आणि डोलकाठीच्या पोटात पितळी सळी घालतो.

व्हिक्टरीनंतर मी हेलरची 1:75 मधली ‘सांता मारिया’ घेतली. कोलंबसचं हे जहाज 1492 चं, म्हणजे पोर्तुगीज जी ‘नाउ’ जातीची जहाजं घेऊन गोव्याला आले त्यांच्याच कुळातलं. ती मॉडेलवर नीट कळेल असा हिशेब होता. वाचता वाचता कळलं की सांता मारियाचा त्या काळातला एकही आराखडा उपलब्ध नाही. स्पेनमध्ये 1892 साली तिची प्रतिकृती बांधली ती नाउ म्हणून. 1929 च्या सेव्हिल प्रदर्शनासाठी पुन्हा बांधली ती कॅराव्हेल म्हणून. जहाज एकच, पण जाणकारांनी बांधलेले आकार दोन! किटचे साचे मात्र कुठल्यातरी एकाच मताचे असतात, आणि खोक्यात ‘हे मत आहे’ अशी चिठ्ठी नसते. तुकडा तुकड्यात चपखल बसला की आपल्याला वाटतं, जहाज असंच होतं.

हे माहीत असूनही माझ्या हातून चूक झाली. गुराबेचा किंवा गलबताचा प्लास्टिक संच मला कुठेच मिळाला नाही. मग काय, दुसरी सांता मारिया आणली, तिची नाळ, म्हणजे पुढचा भाग कापला, लांब आणि निमुळती केली, भगवं निशाण लावलं आणि गावातल्या एका प्रदर्शनात ‘शिवकालीन गुराब’ अशी पाटी लावून ठेवली. लोकांनी फोटो काढले. दोन वर्षांनी तोच फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आला: ‘महाराजांच्या आरमारातील अस्सल गुराब’. एका शाळेच्या भित्तिपत्रकावरही दिसला. अर्धं स्पॅनिश जहाज, अर्धी माझी कल्पना, आणि मुलं ते इतिहास म्हणून वाचत होती.

तेव्हा मी पुन्हा मुळाशी गेलो. गुराबेचं बऱ्यापैकी तपशीलवार वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केलं आहे. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड 1763 चा आणि संदर्भ आंग्र्यांच्या आरमाराचा. तो सांगतो की बहुतेक गुराबा दोन डोलकाठ्यांच्या, फार तर 150 टनांच्या. तीन डोलकाठ्यांच्या सुमारे 300 टनांच्या. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात कमी बुडणाऱ्या. पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब नाळ, आणि तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी. गलबतं त्याहून लहान, क्वचितच 70 टनांच्या वर, चाळीस-पन्नास वल्ह्यांची.

वर्णन चांगलं आहे, पण त्यात लांबी-रुंदी नाही. तिथे इंजिनिअरची खोड कामी आली. 18 व्या शतकात इंग्रज टन मोजत ते असे: लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करायचे, त्याला रुंदीने आणि अर्ध्या रुंदीने गुणायचं, 94 ने भागायचं. मापं फुटांत. ऑर्मचे टन याच सूत्राचे होते असं गृहीत धरू. लांबी रुंदीच्या तिप्पट घेतली तर 150 टनांची गुराब 68 फूट लांब आणि पावणेतेवीस फूट रुंद येते. अडीचपट घेतली तर साडेएकसष्ट फूट लांब आणि साडेचोवीस फूट रुंद. 1:75 च्या मॉडेलवर लांबीत जवळपास तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. तिप्पट की अडीचपट, हे ऑर्म सांगत नाही. ते मी ठरवतो. शिवाय हे सगळं 1750 च्या दशकातलं आहे. 1668 ची गुराब अशीच होती असं त्यावरून म्हणता येत नाही, मधे जवळजवळ शंभर वर्षं गेली आहेत.

मग आराखडा नसेल तर बांधूच नये का? तसं नाही. याचं उत्तर मला समोरच्या दिवाडीत मिळालं. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून नौदलाचं ‘कौंडिण्य’ हे जहाज तिथेच, होडी इनोव्हेशन्सच्या कारखान्यात बांधलं गेलं. काम 2023 मध्ये सुरू झालं. केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या माणसांनी फळ्या काथ्याने शिवल्या. चित्रावरून आकार ठरवला, आयआयटी मद्रासमध्ये मॉडेलवर पाण्यातल्या चाचण्या घेतल्या. सुमारे 20 मीटर लांब, साडेसहा मीटर रुंद. मे 2025 मध्ये कारवारला ते नौदलात आलं आणि जानेवारी 2026 मध्ये पोरबंदरहून मस्कतला पोचलं. त्याच्या शिडावर कदंबांचा गंडभेरुंड आहे. अजिंठ्याच्या चित्रात तो नाही, पण ती जोड आहे हे उघडपणे सांगितलेलं आहे. कुठलंही एक जुनं जहाज जसंच्या तसं उभं केलं, असा दावा कोणी केला नाही.

मी आता तिसरी गुराब करतोय, या वेळी प्लास्टिकच्या पत्र्यातून, आधीच्या कुठल्याही किटचं अंग न वापरता. जे लेखी वर्णनात आहे तेवढंच रंगवलंय: नाळ, पुढच्या दोन तोफा, दोन डोलकाठ्या. जे मी हिशेबाने किंवा अंदाजाने केलं ते करडंच ठेवलंय. घरी येणारे विचारतात, काम अर्धवट का सोडलं? त्यांना मी ऑर्मच्या वर्णनाचा कागद दाखवतो. जुन्या प्रदर्शनातलं मॉडेलही परत आणून त्याची पाटी बदलली आहे, आणि त्या शाळेलाही कळवलं आहे.

पेडणे-डिचोली भागात कोणाच्या घरी पडाव, मचवा किंवा गलबताच्या मापांचे जुने कागद असतील, सुताराची वही असेल, तर मंडळाला जरूर कळवा. एक खरं माप मिळालं तरी माझ्या मॉडेलवर रंगाचा आणखी एक हात चढेल.